जिन्याखालची अकरा अंडी

"दूध तापवताना गॅस किती ठेवता?"

विट्यात भाड्याची खोली शोधत फिरत होते तेव्हा शेटनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याआधी चार घरं बघून झाली होती. चारही ठिकाणी पहिला प्रश्न आडनावाचा होता, आणि आडनाव सांगितलं की खोली सकाळीच कुणीतरी घेतलेली असायची. चौथ्या घरात तर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी माझ्या डोक्यावर लटकत होती आणि मालकीणबाई म्हणत होत्या, "आत्ताच गेली बघा." म्हणून शेटच्या दारात उभी राहिले तेव्हा आडनाव जिभेवर तयारच ठेवलं होतं. आणि हा माणूस गॅसचं विचारत होता.

"बारीक ठेवते," मी म्हटलं.

"तरी उतू जातंय?"

"जातं कधी कधी."

"खरं बोललासा. किल्ली काकीकडं हाय. वर जाऊन बघा."

तीन वर्षं मी त्या घरात राहिले. तीन वर्षांत त्यांनी मला आडनाव विचारलं नाही आणि नावानं हाकही मारली नाही. मी त्यांच्यासाठी 'बीएस्सी' होते. "ओ बीएस्सी, पाणी आलंय," "ओ बीएस्सी, वरचा दिवा दिवसाचा जळतोय." याला कारण माझी पाटी. राहायला आले त्या आठवड्यात मी खोलीच्या दारावर नावाची पाटी लावली होती आणि नावाखाली लिहून घेतलं होतं, 'बी. एस्सी. (प्राणिशास्त्र)'. भाड्याच्या खोलीला अशी पाटी कोण लावतं? मी लावली. कडेगावच्या बाजूला आमची जी वस्ती आहे तिथं पदवी घेतलेली मी पहिली मुलगी. वडील गवंडी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बंगल्यांच्या भिंती उभ्या केल्या. ती पाटी त्यांनी स्वतः येऊन ठोकली, आणि मग खाली उतरून, रस्ता ओलांडून, तिथून वाचता येते का ते बघून आले. त्या पाटीची मला तेव्हाही लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

शेट गलाईवाले. आमच्या भागात एवढं सांगितलं की पुरतं. बाहेरच्यांसाठी सांगते, जुनं सोनं वितळवून त्यातली भेसळ काढायची, शुद्ध सोनं वेगळं करायचं, हा तो धंदा. विट्याच्या आसपासची माणसं त्यापायी देशभर पांगली आहेत. शेट एकोणिसाव्या वर्षी गेले ते मद्रासच्याही पलीकडच्या एका गावात, आणि चौतीस वर्षं भट्टीपुढं बसले. भट्टीनं त्यांच्या भुवया कायमच्या नेल्या होत्या. भुवयांच्या जागी नुसत्या दोन गुळगुळीत पट्ट्या. त्यामुळं हा माणूस सदा नवल वाटल्यासारखा दिसायचा, अगदी झोपेतसुद्धा. अॅसिडनं नखं पिवळी पडलेली. कुणाचं पटलं की "सेरी, सेरी" म्हणायचे, हे तमिळ. शिव्याही तमिळमध्येच द्यायचे, म्हणजे गल्लीत कुणाला राग येण्याचा प्रश्न नव्हता.

आग त्यांना भिंतीतून कळायची. मी वर डाळ लावलेली असायची आणि खालून आवाज यायचा, "ओ बीएस्सी! दोन शिट्ट्या जादा झाल्या!" पहिल्यांदा मला राग आला. माझी डाळ, माझा कुकर. पण खाली उतरवून बघितलं तर डाळ तळाला लागायला आली होती. पुढं पुढं मी शिट्ट्या मोजायच्या सोडून दिल्या. ते मोजतच होते.

आणि धूळ. सोनाराच्या दुकानातली केरातली धूळसुद्धा विकत घेतली जाते, ती धुऊन, भाजून तिच्यातून सोन्याचे कण काढतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. चौतीस वर्षं हेच केल्यामुळं असेल, पण शेटना केर टाकवत नसे. घर रोज स्वतः झाडायचे आणि तो केर वनस्पती तुपाच्या डब्यांत भरून ठेवायचे. प्रत्येक डब्यावर महिन्याचं नाव. मी एकदा विचारलं, "शेट, याच्यात काय सापडणार?" तर म्हणाले, "ते टाकल्यावर कळतंय. म्हणून टाकायचं न्हाई."

काकी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आमच्या घरात कचऱ्याचीबी ठेव हाय गं पोरी. पिकली की तुला निम्मी दीन."

काकी म्हणजे त्यांची बायको. या दोघांचं वागणं मला सुरुवातीला कळायचंच नाही. भांडण नव्हतं, पण काकी शेटना रोज विचारायच्या, "जेवणार न्हवं?" पाहुण्याला विचारावं तसं. शेटही पाहुण्यासारखेच पाटावर बसायचे आणि वाढेल तेवढंच खायचे. चौतीस वर्षांत दर साली जत्रेला पंधरा दिवस यायचे, तेवढाच काय तो संसार. तीन मुलं काकींनीच वाढवली, रान काकींनीच केलं, हे घर उभं राहिलं तेव्हा सेंट्रिंगवाल्यांशी भांडायलाही त्याच. घर बांधलं शेटच्या कमाईतनं, पण कुठलं बटण कुठल्या दिव्याचं हे त्यांना माहीत नव्हतं. परत येऊन दोन वर्षं झाली तरी अंधारात चार बटणं दाबून बघायचे. आता तिन्ही मुलं तिकडंच, बापाच्याच दुकानात, भट्टीपुढं.

अंड्यांची गोष्ट त्या उन्हाळ्यातली, मी राहायला आले त्याच्या दुसऱ्या वर्षाची.

गावाबाहेर शेटचं रान होतं. तिथल्या शेणखताच्या खड्ड्यातलं खत उचलायला ट्रॉली लावली होती. खोऱ्याचा घाव पडला आणि खतातून एक धामण निघाली, चांगली सात-आठ फूट. माणसं काठ्या शोधेपर्यंत ती उसात शिरली. तिच्या जागेवर, खताच्या उबेत, अंडी होती. अकरा. कामाची माणसं म्हणाली फोडून टाकू. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शेट त्या खड्ड्यापुढं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दूध प्यायला ओठ लागत्यात. तिला ओठ कुठं हायत?" एवढं बोलून त्यांनी ट्रॉली अर्धी भरलेली परत पाठवली.

मग एक घमेलं पालथं घालून त्याच्यावर बसले. आई परत येईल म्हणून. दिवस मावळेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी परत गेले आणि बसले. काकींनी डबा पाठवला. तिसऱ्या दिवशी अंड्यांवर मुंग्या चढायला लागल्या, वर कावळे, आणि एप्रिलचं ऊन. तेव्हा शेटनी त्या खतासकट अंडी घमेल्यात घेतली आणि घरी आणली. चालत. मोटरसायकल रानातच ठेवली, कारण गाडीवर हादरे बसतात. दोन्ही हातांत घमेलं धरून तीन किलोमीटर चालत आलेला हा बिनभुवयांचा माणूस आख्ख्या विट्यानं बघितला.

"ओ बीएस्सी! खाली या. तुमच्या कामाचं हाय."

मी खाली गेले. घमेल्यात पांढरी, लांबट अंडी. कोंबडीच्या अंड्यासारखं कडक कवच नाही, चामड्याच्या पिशवीसारखं मऊ. सात अंडी सुटी होती, आणि चार एकमेकांना चिकटून त्यांचा एक गठ्ठा झाला होता.

"काय करायचं ह्यांचं?" शेट म्हणाले. "तुमी शिकलाय ह्यातलं."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी फार बरं वाटलं. मी तेव्हा विट्यातल्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायच्या कामावर होते. दिवसभर लोकांची बोटं टोचायची. प्राणिशास्त्राचा प्रश्न मला पदवी घेतल्यापासून कुणी विचारला नव्हता, आणि हे घरमालक हात जोडल्यासारखे उभे होते. मी पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि सांगायला सुरुवात केली. ओलावा पाहिजे. ऊब पाहिजे, पण बेताची. आणि दिवसातून दोनदा अंडी फिरवली पाहिजेत. नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो.

शेट थांबले. "फिरवायची? आमच्यात मूस एकदा भट्टीत बसली की तिला हात लावत न्हाईत."

मूस म्हणजे सोनं वितळवायचं मातीचं भांडं.

"ही मूस नाही, शेट. अंडी आहेत. याला शास्त्र आहे."

"सेरी. शास्त्र हाय म्हंजे हाय," ते म्हणाले, आणि आत जाऊन पेन्सिल घेऊन आले.

मी प्रत्येक सुट्या अंड्यावर एका बाजूला फुली काढली आणि दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी फुली वर, संध्याकाळी गोल वर. गठ्ठ्यातली चार फिरवता येईनात, ओढली तर फाटतील, म्हणून ती तशीच ठेवली. माझ्या हातात मोबाईल होता. त्यात बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण बघायची गरजच वाटली नाही. मी सांगितलं ते खोटं नव्हतं. ते कोंबडीचं होतं. कॉलेजात आम्ही कोंबडीच्या अंड्याचा अभ्यास केला होता, चोवीस तासांचा गर्भ, अठ्ठेचाळीस तासांचा गर्भ, मी सुबक आकृत्या काढायचे. सापाच्या अंड्याबद्दल मला काहीही माहीत नव्हतं, आणि 'माहीत नाही' हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

व्यवस्था मात्र शेटनी अशी लावली की बघत राहावं. जिन्याखालची जागा निवडली, तिथं ऊन येत नाही. एक जुना रांजण आणला, त्यात ओली वाळू भरली, वाळूत मातीचं एक पसरट भांडं निम्मं पुरलं. भांड्यात खाली काय घालायचं यावर बराच विचार केला आणि मग सरळ आपली काथ्याची गादी उसवली. काथ्या धुऊन, पिळून, हातानं मोकळा करून त्याच्यावर अंडी ठेवली, वर ओलं पोतं, त्याच्यावर चाळणी.

"चौतीस वर्सांनी घरी आलं आन् गादी फाडली," काकी म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी जिन्याकडचं दार वापरणं सोडलं. मागच्या दारानं ये-जा.

ऊब वाढवायची तर शेटना सवयच होती. पण एप्रिल-मेमध्ये विट्यात ऊब कमी करायला लागते. "जल्म गेला आग वाढवण्यात," म्हणायचे, "आता उलटं शिकायला लागतंय." पोतं भिजवायचे, वाळूत पाणी शिंपडायचे, दुपारी रांजणाभोवती ओली चादर गुंडाळायचे. मी लॅबमधून एक थर्मामीटर आणून दिला. त्यांनी तो खुंटीला लावून ठेवला. "हे आजाऱ्याला," म्हणाले. स्वतः मनगटाची आतली बाजू भांड्याजवळ न्यायचे आणि मग गाल. "मनगटाला कळू ने, गालाला कळावं. एवढीच पायजे." मी तो खुंटीवरून काढून, त्यांना दिसणार नाही असा काथ्यात ठेवायचे आणि त्यांची परीक्षा घ्यायचे. ते म्हणायचे, "आज जरा चढलंय," की पारा एकतीस. "आता बसलं," की एकोणतीस. एकदाही चुकले नाहीत. आता मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. तिथलं जंतू वाढवायचं उबवणीचं यंत्र एका लाल आकड्यावर चालतं. कधी कधी आकडा बघायच्या आधी मी मनगट आत घालते. मला काही कळत नाही.

समोरच्या घरातल्या वहिनी रोज दारातूनच विचारायच्या, "शेट, डोहाळजेवण कवा घालताय?"

"तुमी ओटी घेऊन या, लगेच घालू."

"काय खातीया तुमची लेक? उंदीर आणू का?"

सगळी गल्ली हसायची. शेटही हसायचे. पण खुर्ची तिथून हलवायचे नाहीत. सकाळी चहा तिथं, दुपारची डुलकी तिथं. एकदा मी कामावरून आले, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि विचारलं, "शेट, एवढं कशासाठी?"

"मला तीन पोरं झाली. थोरल्याची तार आली. मधल्याचा फोन आला, शेजारच्या दुकानात. धाकट्याच्या येळंला अॅसिड वतत हुतो, मालक म्हणाला पोरगा झाला रं, मी म्हणालो बरं झालं, आन् हातातलं काम सोडता येईना म्हणून वतत ऱ्हायलो." पिवळ्या नखांनी ते पोत्याचा एक धागा सरळ करत होते. "जीव येताना कसा दिसतो ते मी बघितलंच न्हाई, बीएस्सी. एकदा बघायचंय. सापाचा का असंना. पुरा भाईर येताना. तेवढंच."

आतून भांड्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकींचा. "आमच्या येळंला या म्हणलं हुतं की! तवा कुठं हुतासा?"

शेट पोत्यावर पाणी शिंपडायला लागले.

अंडी फिरवायला लागून नववा दिवस होता. वहिनींच्या न्हाणीत नाग निघाला म्हणून गल्लीनं सर्पमित्राला बोलावलं. पंक्चरचं दुकान चालवणारा तिशीतला माणूस. त्यानं नाग पकडला, बरणीत घातला, आणि कुणीतरी म्हणालं, समोर बघा जावा, शेटनी पाळणाघर काढलंय. तो आला. रांजणाची मांडणी बघून खूष झाला. मग त्यानं चाळणी काढली, आणि फुल्या नि गोल दिसल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"हे काय? फिरवताय का?"

"व्हय. दोनदा," शेट म्हणाले.

"आवं, सापाचं अंडं फिरवायचं नसतंय! ज्या बाजूनं पडलं त्या बाजूनं ठेवायचं. आतला जीव वर एका जागी धरून बसलेला असतोय, उलटं केलं की गुदमरतोय. कोंबडीला फिरवायचं. सापाला हातसुदा लावायचा न्हाई." त्यानं मोबाईलचा दिवा अंड्यांना लावून बघितला. गठ्ठ्यातल्या चार अंड्यांत लाल धाग्यांचं जाळं दिसलं. सुट्या सातांत नुसता पिवळट गढूळपणा. "तुमाला कुणी सांगितलं फिरवायला?"

दारात वहिनी होत्या, आणखी पाच-सहा जण होते. मी जिन्यावर उभी होते.

"कोण सांगणार?" शेट म्हणाले. "माझंच डोस्कं. कोंबडीवरनं केलं."

"इचारायचं तरी कुणाला," वहिनी म्हणाल्या. "घरात बीएस्सी हाय की!"

"म्हातारपणाचा शाणपणा, दुसरं काय," शेट म्हणाले, आणि चाळणी परत ठेवली.

सर्पमित्रानं वनखात्यात फोन केला. अंडी आता हलवली तर उरलेलीही जातील, म्हणून इथंच राहू द्यायची आणि पिल्लं निघाली की तो येऊन नेणार, असं ठरलं. मी वर जाऊन दार लावून घेतलं. बाहेर माझीच पाटी होती.

तीन दिवस मी खाली उतरताना जिन्याखाली बघितलं नाही. चौथ्या दिवशी पहिलं सुटं अंडं खचलं, बुरशी धरली. शेट ते सांडशीनं उचलून परसात घेऊन निघाले होते. मी वाटेत उभी राहिले.

"शेट, तुम्ही खोटं का बोललात?"

"काय खोटं बोललो?"

"फिरवायला मी सांगितलं होतं."

"व्हय."

"मग?"

त्यांनी अंडं पेरूच्या बुडाशी ठेवलं आणि हातानंच माती उकरायला लागले. "हे बघा. मी चुकलो तर गल्ली म्हणती, शेट येडं हाय. ते आधीपास्नं म्हणत्यात, त्यात नवं काय न्हाई. तुमी चुकलासा तर म्हणतील, शिकून काय उपेग. तेवढ्यावर थांबले तर ठीक. पण थांबत न्हाईत. शिकून काय उपेग *ह्यांना*, म्हणतील. मला ते ऐकायचं नव्हतं, माझ्या दारात."

आडनाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पण त्यांना ते ठाऊक होतं.

"पण मेली त्याचं काय?" मी म्हटलं.

"मेली. वाईट झालं. तुमालाबी वाईट वाटू द्या की, मला वाटतंय तसं. गल्लीला कशाला वाटाय पायजे?" खड्डा बुजवून ते उठले. "चार हायत अजून. त्यास्नी शास्त्र लागलं न्हाई."

हे शेवटचं वाक्य त्यांनी टोचायला म्हटलं की सहज, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. टोचलं मात्र. त्या दिवशी मी कामावर गेले नाही. पोतं भिजवायची पाळी माझ्याकडं घेतली, आणि पुढचे दीड महिने एकही दिवस चुकवली नाही. मधल्या काळात सुटी सातही अंडी एकेक करून पेरूच्या बुडाशी गेली.

जून लागला. आभाळ भरून यायला लागलं आणि हवा गार पडली, तशी शेटची भट्टीची विद्या कामाला आली. रांजणाच्या तोंडाशी झिरोचा दिवा, त्याच्यावर पालथं घमेलं, घमेल्याची कड एवढीशी उचललेली. अर्धं बोट वर, पाव बोट खाली, दिवसभर तेच.

एका सकाळी ते जिन्याखालून ओरडले. शब्द तमिळ होता, पण मी समजले. गठ्ठ्यातल्या एका अंड्यावर वस्तऱ्यानं मारावी तशी बारीक चीर. जरा वेळानं आणखी दोन. चिरेतून एक नाक बाहेर आलं, मग डोळे, करंगळीच्या टोकाएवढं डोकं. जीभ बाहेर आली, आत गेली. आणि मग ते डोकं तिथंच थांबलं. पुढं नाही, मागं नाही.

मी सर्पमित्राला फोन केला. तो कडेगावच्या बाजूला होता. म्हणाला, दुपारपर्यंत येतो, तोवर हात लावू नका, डोकं काढून दिवसभरही बसतात.

गल्ली जमली. वहिनी आज पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आल्या. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "चारच? अकरा हुती न्हवं? शेट, आवं, कोंबडीवानी फिरवत बसलासा! आमच्या बीएस्सीला तरी इचारायचं."

"त्यांनी विचारलं होतं, वहिनी," मी म्हटलं. "फिरवायला मीच सांगितलं. मी कोंबडीचं शिकलेय. सापाचं मला माहीत नव्हतं. सात अंडी माझ्यामुळं गेली."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं, मग वर माझ्या पाटीकडं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"सभा भाईर भरवा," शेट खेकसले. मला की त्यांना, कुणास ठाऊक. "हितं काय चाललंय, तुमचं काय चाललंय!"

तेवढ्यात मागून काकी आल्या. दोन महिने त्या दारानं न आलेल्या काकी. "निघा बघू सगळी," त्या म्हणाल्या. "असल्या येळंला गर्दी करत्यात व्हय? बाईमाणसं न्हवं तुमी?" बघता बघता ओटा रिकामा झाला. मला मात्र त्यांनी जा म्हटलं नाही. मी पायरीवर बसले. काकींनी शेटच्या खुर्चीशेजारी पाट ओढला आणि पहिल्यांदा रांजणात डोकावून बघितलं.

"अडकलंय काय गं ते?" शेट म्हणाले. "तासभर झाला. जरा वडू का?"

"अजिबात वडायचं न्हाई."

"तुला काय म्हाईत?"

"मला काय म्हाईत? तीनदा झालंय माझं." काकींनी पदरानं कपाळ पुसलं. "थोरल्याच्या येळंला सुईण वडायला लागली हुती. तुमच्या आईनं तिचा हात धरला. म्हणाली, येतंय त्येच्या त्येच्या चालीनं येऊ दे."

शेटची मान वळली. "आईनं?"

"मग कुणी? दुपारची येळ. घरात बाप्या मानूस न्हाई. मी दोरी धरून बसल्याली. आन् उशाला तुमचं पत्र घेतलं हुतं."

"माझं?"

"व्हय. मला कुठं वाचाय येतंय? तरी घेतलं हुतं. जवळ तुमचं काय तरी असावं म्हणून."

"हे मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुमी इचारलं कवा?"

शेट खुर्चीतून खाली उतरले आणि जमिनीवर, काकींच्या समोर, मांडी घालून बसले. रांजण त्यांच्या पाठीशी गेला.

"मग?" ते म्हणाले. "फुडं काय झालं?"

"काय हुणार? दीस कलंडला तरी सुटंना. मी म्हणलं आता काय मी जगत न्हाई. तर आई म्हणाली, पत्रात काय लिवलंय ते ऐकायला तरी जग. मग मी जीव एकवटला." काकी हसायला लागल्या. "काय लिवलं हुतं वो त्यात? तवापास्नं ऱ्हायलंय इचारायचं."

शेट आठवत राहिले. बिनभुवयांचं कपाळ आक्रसलं.

"हितं लय उकडतंय," ते म्हणाले. "एवढंच लिवलं हुतं."

"एवढंच?"

"एवढंच."

काकी तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि शेट त्यांचा दुसरा हात धरून विचारत होते, मग रडलं का लगेच, काळं हुतं का गोरं, पयलं कुणी घेतलं. रांजणात त्या पिल्लानं अंगाला एक हिसका दिला, चिरेतून सरसर बाहेर आलं, ओलं, दीड वीत लांब, आणि काथ्यावर आपला पहिला वळसा घालून बसलं. मी बघितलं. शेटनी बघितलं नाही, आणि मी त्यांना हाक मारली नाही.